थोरल्याचा दाखला

महानंदा माळगेंना सासष्ट वर्षांच्या आयुष्यात नाही नाही ते प्रश्न विचारले गेले होते. पण ‘तुम्ही जेवणात काय खाता?’ असं कुणा सरकारी माणसानं विचारण्याची ही पहिलीच वेळ.

“भाकरी,” त्या म्हणाल्या. “दुसरं काय खाणार? मंगळवेढ्याचे आहोत आम्ही.”

“ज्वारीची?”

“मग काय! गव्हाची पोळी आमच्यात सणाला, नाहीतर जावई आला तर. आम्हाला जावईपण नाही.”

टेबलापलीकडे बसलेली अश्लेषा डिंगणकर एकदम हसली. सोलापूरच्या मूळ-तपासणी केंद्रातली ती अधिकारी, वय पस्तिशीच्या आत, आणि गेले तीन आठवडे तिची झोप उडवणारा ऐवज दोघींच्या मधे टेबलावर बसला होता. मातीच्या कुंडीतला, सोललेल्या नारळाएवढा, राख फासल्यासारखा करडा. अंगावर काळेभोर काटे आणि टाळूवर पांढऱ्या लोकरीचा पुंजका. त्याचं शास्त्रीय नाव कोपियापोआ. माळग्यांच्या घरात त्याला थोरला म्हणत.

हा निवडुंग मूळचा चिली देशाचा. तिथं समुद्राकाठी असं एक वाळवंट आहे की वर्षानुवर्षं पावसाचा थेंब पडत नाही. समुद्रावरून धुकं येतं, त्यातला ओलावा हा पिऊन राहतो, आणि वाढतो किती, तर वर्षाला नखाएवढा. माणसाला आपल्या हौसेपुढं असलं काही दिसत नाही. बी पेरून चाळीस वर्षं थांबण्यापेक्षा डोंगरावरनं चाळीस वर्षांचं रोप उपटून आणलेलं बरं, असा हिशेब जगभरच्या शौकिनांनी केला आणि पंचवीस-तीस वर्षांत डोंगरच्या डोंगर बोडके करून टाकले. रोप हातात आलं की ते चोरीचं की बियांचं हे सांगणार कोण? विकणारा तर शपथेवर सांगायचा की बियांचंच आहे.

मग काटेवाचक नावाचं यंत्र आलं. निवडुंगाचा काटा एकदा वाढला की कायमचा मरतो आणि होता तसाच राहतो. नवे काटे टाळूवर येतात, जुने खाली सरकत जातात. म्हणजे बुडापासून टाळूपर्यंतचे काटे ही त्या रोपाची रोजनिशीच, कुणी न लिहिलेली. काटेवाचकाचा लेसर एकेका काट्यावर केसाहून बारीक ठिपके मारतो, त्यातून निघालेला धूर यंत्र हुंगतं, आणि त्या दिवसांत रोपानं कुठलं पाणी प्यालं, कुठली हवा घेतली ते सांगतं. डोंगरावरच्या काट्यांची खूण वेगळी, काचघरातल्या काट्यांची वेगळी. आता ज्याच्याकडे असं रोप असेल त्यानं ते तपासून दाखला घ्यायचा, असा कायदा झाला होता. वर्षभराची मुदत होती. तेवढ्यात आपणहून चोरीचं रोप कबूल केलं तर शिक्षा नाही. रोप मात्र त्याच्या देशी परत जायचं.

महानंदाबाईंना धास्ती नव्हती. धास्ती चोराला. पण यंत्रानं थोरल्यावर शेरा मारला : ‘मूळ अनिश्चित’. आणि तो शेरा चार दिवसांत सगळीकडे पसरला.

“काकू, आत्ता कळलं,” अश्लेषा म्हणाली. तिनं ‘मॅडम’ कधी सोडलं ते तिलाही कळलं नाही. “हे रोप ठेवायचात कुठं तुम्ही?”

“झोपायच्या खोलीत. दक्षिणेच्या खिडकीत, काचेच्या आतल्या बाजूला. गच्चीवर खारी कुरतडतात.”

“आणि खिडकी रात्री बंद?”

“डास का थोडे आहेत?”

अश्लेषानं कागदावर खोली काढली, खिडकी काढली, पलंग काढला. बाकीची झाडं दिवसा हवा घेतात. निवडुंगानं दिवसा तोंड उघडलं तर अंगातलं पाणी उडून जाईल, म्हणून तो रात्री उघडतो. आता बंद खोलीत रात्री हवा कुठली, तर झोपलेल्या माणसांनी सोडलेली. तेवढी तो घेतो, तिच्यातला कार्बन काढतो आणि त्याचा काटा करतो. ज्वारीत जड कार्बन गव्हा-तांदळापेक्षा किंचित जास्त असतो, आणि माणूस जे खातो तेच त्याच्या श्वासातून बाहेर पडतं.

“आमच्या यंत्राला परदेशातली काचघरं माहीत आहेत, तिथला डोंगर माहीत आहे. ज्वारी खाणाऱ्या माणसांची खोली त्याला कुणी शिकवलेलीच नाही. म्हणून ते गोंधळलं.”

महानंदाबाई थोरल्याकडे बघत राहिल्या. त्यांचे यजमान चन्नवीर माळगे, सगळ्या तालुक्याचे माळगे सर, तीन वर्षांपूर्वी गेले. घरातले त्यांचे कपडे वाटून झाले होते, पुस्तकं शाळेला दिली होती.

“म्हणजे ह्याच्या काट्यांत... सरांचा श्वास आहे?”

“आहे. तुमचाही आहे.”

महानंदाबाईंना त्या परक्या कचेरीत रडू आलं आणि त्यांनी ते आवरलं नाही. अश्लेषानं पाण्याचा पेला पुढे केला.

मग तिनं बाईंना एका पिशवीत फुंकायला लावलं. तो श्वास यंत्राला दिला, आणि वरच्या सगळ्या काट्यांशी त्याचा मेळ बसला. कायद्याला टाळूपासून पंचवीस वर्षांचे काटे पुरत होते. तेवढ्यावर दाखला मिळत होता.

“खालच्या ओळीही वाचायच्या का?” अश्लेषानं विचारलं. “सक्ती नाही. मालकानं मागितलं तरच वाचतो, आणि ते वाचन मालकाचंच राहतं.”

“वाच, पोरी. अगदी बुडापर्यंत वाच,” महानंदाबाई म्हणाल्या. “लोकांची तोंडं एकदाची बंद होऊ देत.”

त्यांचा हा ताठा पोकळ नव्हता. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात माळगे सरांनी परदेशातून टपालानं वीस बिया मागवल्या होत्या आणि पेढ्यांच्या खोक्याच्या झाकणात पेरल्या होत्या. वाळू चाळून दिली ती महानंदाबाईंनी. वीसपैकी सात उगवल्या, दुसऱ्या वर्षापर्यंत एक उरला, तोच थोरला. पुढं घरात मूलबाळ झालं नाही. पण थोरला नेहमी होता. त्रेचाळीस वर्षं झाली होती त्या पेरणीला.

सरांनी त्याच सुमारास माणदेश निवडुंग मंडळ काढलं. ‘बी पेरा, वाट बघा’ एवढा एकच नियम, आणि तो मोडणाऱ्याला क्षमा नाही. मल्हारी कापसे हा सरांचा जिवाभावाचा मित्र, सांगोल्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. त्यानं कुणा दलालाकडून डोंगरावरची उपटलेली रोपं घेतली, हे कळल्यावर सरांनी भर सभेत त्याला ‘डोंगरचोर’ म्हटलं आणि मंडळातून काढून टाकलं. तेव्हापासून मल्हारीचं नाव मंडळात कुणी घेत नसे. घेतलं तर तसंच घेत. आता मंडळ नवं बीजघर बांधत होतं, त्यावर ‘चन्नवीर माळगे बीजघर’ अशी पाटी लागायची होती, आणि आत मधोमध ओटा बांधून त्यावर थोरल्याला बसवायचं ठरलं होतं.

आठ दिवसांनी अश्लेषाचा फोन आला. या वेळी ती नुसतं ‘या’ म्हणाली, कशासाठी ते सांगितलं नाही.

तिनं दार लोटून घेतलं आणि पडद्यावर एक रेघ दाखवली. “वरून खाली बघत चला, काकू. टाळूजवळची ही तीन वर्षं. श्वासाची खूण आहे, पण फिकी. खोलीत एक माणूस.”

“मी.”

“त्याच्याखाली खूण गडद होते, जवळजवळ दुप्पट. दोन माणसं. एकोणतीस वर्षं.” रेघ सरळ, शांत चालली होती. मधे कुठं बारीकशी खाच पडे; ती आठवडाभर माहेरी किंवा लग्नाकार्याला गेल्याची असणार. महानंदाबाईंना वाटलं, आपला संसार एवढा सरळ होता हे आपल्याला तरी कुठं माहीत होतं?

“आणि इथं,” अश्लेषाचा आवाज खाली आला, “बत्तीस वर्षांपूर्वी, पुन्हा एकच माणूस. नऊएक महिने. एकटं.”

“मी इंडीला, माहेरी होते. आईला अर्धांगवायू झाला होता.”

“त्याच्याखाली माणूसच नाही, काकू. खोलीच नाही. हे बघा, समुद्राचं गंधक. हे धुक्याचं पाणी. एकामागून एक तीस-पस्तीस वर्षं. हे रोप डोंगरावर जन्मलं. तिथंच वाढलं. तुमच्या खोलीत आलं तेव्हा दिसायला लहान असेल, वयानं तुमच्याएवढं होतं. आणि ते आलं तेव्हा खोलीत तुम्ही नव्हतात.”

“यंत्र चुकलं असेल. मागे चुकलं तसं.”

“मागे त्याला ज्वारी ठाऊक नव्हती. धुकं त्याला पाठ आहे.” अश्लेषानं पडदा बंद केला. “तुमचा पंचवीस वर्षांचा दाखला तयार आहे. खालचं वाचन तुमचं आहे. मी आपण होऊन कुणाला सांगणार नाही. कुणी विचारलं तर खोटं मात्र बोलणार नाही.”

एसटीनं मंगळवेढ्याला परत येईपर्यंत महानंदाबाईंनी थोरल्याची पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. घरी आल्यावर त्याला खिडकीत ठेवलं आणि समोर पलंगावर बसल्या. कुंडीतली पट्टी त्यांच्या नजरेला पडली. प्रत्येक कुंडीत रोपाचं नाव आणि पेरणीची तारीख लिहिलेली पट्टी खोचायची, आणि उन्हानं शाई उडते म्हणून दर पाडव्याला सगळ्या पट्ट्या नव्यानं लिहायच्या, हा सरांचा नेम. दोनशे पट्ट्या ते वळणदार अक्षरात लिहीत. फक्त थोरल्याची पट्टी कित्येक वर्षं कोरी पडली होती. बाई विचारायच्या, तर सर म्हणायचे, “त्याला कोण ओळखत नाही?”

आता त्यांना कळलं. माणूस एकोणतीस वर्षं लोकांसमोर गप्प राहू शकला, पण हातानं खोटी तारीख लिहू शकला नाही.

आणि मग त्यांना ते दुसरं आठवलं.

बत्तीस वर्षांपूर्वीचा मार्गशीर्ष होता. इंडीहून आईचा निरोप आला, सर शाळेत होते, आणि महानंदाबाई घाईघाईनं पिशवी भरत होत्या. थोरला थंडीत नेहमीसारखा आक्रसून मातीत बसला होता. हा निवडुंग थंडीत झोपतो. तेव्हा त्याला कोरडं ठेवायचं, थेंबभरही पाणी द्यायचं नाही, हे सरांनी त्यांना शंभरदा सांगितलं होतं. पण आईच्या काळजीनं मन हळवं झालेलं. किती दिवस लागतील कोण जाणे, घरातल्या जिवाला तहानलेलं ठेवून कसं निघायचं? त्यांनी तांब्याभर पाणी कुंडीत ओतलं, दाराला कडी घातली आणि बस पकडली. पुढं आईच्या उस्तवारीत ते पाणी विसरूनही गेल्या. दहा महिन्यांनी परत आल्या तेव्हा थोरला जरा पांढुरका दिसला. “गच्चीवर उन्हात ठेवला होता,” सर म्हणाले आणि चहा टाकायला गेले. चहा ते कधीच टाकत नसत.

झोपलेल्या निवडुंगाला पाणी दिलं की तो आतून सडतो. वरून धडधाकट दिसतो आणि हात लावला की बोट आत जातं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं महानंदाबाई सांगोल्याला गेल्या. मल्हारी कापसे आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. दारात पत्र्याची सावली करून तिच्याखाली त्यांनी चाळीसेक कुंड्या मांडल्या होत्या. बाईंना बघून ते उठायला लागले.

“बसा की, भावजी.”

“वैनी! लई वर्सानं वाट चुकला.”

“वाट चुकले नाही. विचारायला आले. थोरला कुठून आला?”

मल्हारींनी सून आत आहे का ते बघितलं. मग पायाशी बघत बसले. “कुणी सांगितलं?”

“काट्यांनी.”

“ते मशीन व्हय? गावभर चर्चा हाय त्याची. तुमी इंडीला गेल्याव पंधरा दिसांनी सर आले हितं. मला डोंगरचोर म्हणून वरीस बी झालं नव्हतं. उंबऱ्याच्या बाहीरच हुबं ऱ्हायले. हातात डबा. डब्यात थोरला. पार चिखल झालाता त्याचा.”

“माझ्यामुळं.”

“त्यांला ठावं हुतं. कुंडीखालच्या बशीत पाणी हुतं म्हणाले. ते म्हणाले, मल्हारी, तिची आई मरणाला टेकलीया. आन् ही परत आली, आन् हे बघितलं, तर म्हणंल माझा हातच वाईट. पोटाला प्वार न्हाई, त्यात हे. तिला हे कळता कामा न्हाई.” मल्हारींनी डोळे पुसले. “माझ्याकडं त्या दलालाच्या खोक्यातली दोन रोपं हुती. एकाच डोंगरावरची. एक त्यास्नी दिलं. ते माझ्या पाया पडले वैनी. माळगे सर. मी म्हणलं, सर, ह्ये असलं करू नका.”

“आणि तुम्ही बत्तीस वर्षं गप्प बसलात? लोक तुम्हाला चोर म्हणत होते!”

“मी चोरीचं घेतलंच हुतं की. ते खोटं न्हवतं.” मल्हारी जरा हसले. “पर घेतलं ते माझ्यासाठनं. त्यांनी घेतलं ते तुमच्यासाठनं. मग मी कशाला त्वांड उघडू? आन् सर यायचे की दर उन्हाळ्याला. ह्याच्या फुलाला दुसऱ्याचा पराग लागतो. काड्याच्या पेटीत ब्रश घिऊन यायचे, पराग न्यायचे. बसायचे घटकाभर. च्या प्यायचे. मंडळाचं कायबी बोलायचे न्हाईत.”

ती काड्यापेटी महानंदाबाईंना माहीत होती. थोरल्याची फुलं पिवळीधमक उमलली की सर ती खिशात घालून ‘जरा जाऊन येतो’ म्हणत. त्या बियांची रोपं करून मंडळानं घरोघर वाटली होती. चारशेच्या वर झाली होती ती.

“सांगू नका कुनाला,” निघताना मल्हारी म्हणाले. “माझं काय, पिकलं पान. पाटी लागू द्या सरांची.”

सभा रविवारी सकाळी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात होती. साठ-सत्तर माणसं आली होती. अध्यक्ष पाटणे वकिलांनी थोरल्याला हार घातला आणि दाखला वाचून दाखवला. टाळ्या झाल्या. मग महानंदाबाई उठल्या. माणसांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी टेबलाची कड धरली.

“हा दाखला पंचवीस वर्षांचा आहे,” त्या म्हणाल्या. “त्याच्या आधीचं मी सांगते.”

त्यांनी सगळं सांगितलं. तांब्याभर पाण्यापासून सुरुवात केली, कारण दोष तिथून सुरू होत होता. सर मल्हारींच्या पाया पडले हेही सांगितलं.

शेवटी पाटणे वकील उठले. माणूस चांगला, सरांचा विद्यार्थी. “काकू, तुमचं दुःख आम्ही समजतो. पण मेलेल्या माणसाचं आता कशाला काढायचं?”

“मेलेल्याचं नाही काढत मी,” महानंदाबाई म्हणाल्या. “मल्हारी भावजी जिवंत आहेत.”

काही जण उठून गेले. एका बाईनं हातातलं थोरल्याच्या बीचं रोप, तिनं नऊ वर्षं वाढवलेलं, खाली टेबलावर ठेवलं आणि ती रडत बसली. पाटीचं पुढच्या सभेत बघू, असं ठरलं. म्हणजे पाटी लागणार नव्हती. घरी परत येताना महानंदाबाईंच्या बरोबर कुणी आलं नाही. कुंडी जड होती. दोनदा रस्त्याच्या कडेला टेकावं लागलं. आपण सरांना दुसऱ्यांदा मारून आलो असं त्यांना वाटत होतं, आणि तरीही, पुन्हा वेळ आली तर हेच करू, हेही ठाऊक होतं. दोन्ही एकदम वाटू शकतं हे त्यांना या वयात नवीन होतं.

सोमवारी त्यांनी कबुलीचा अर्ज भरून अश्लेषाला दिला. मल्हारींनीही सुनेबरोबर आपला अर्ज पाठवला.

दीड महिन्यानं अश्लेषा स्वतः मंगळवेढ्याला आली. खुर्चीवर न बसता पलंगाच्या कडेला बसली. काट्यांतल्या धुक्याची आणि मातीची खूण तिनं चिलीला पाठवली होती. तिथल्या लोकांनी डोंगर ओळखला होता. एका लहानशा खाडीच्या वरचा उतार, दोनेक शेतांएवढा. तिथले निवडुंग इतर ठिकाणच्यांहून वेगळे होते, आणि वीस वर्षांपूर्वी चोरांनी त्यातला शेवटचा उपटून नेला होता.

“त्यांनी जगभर शोधलं, काकू. त्या उताराचं एकही रोप कुठं सापडलं नाही. सापडलं असतं तरी ते तिथलं, असं कोण कबूल करणार?” ती खिडकीकडे बघत होती. “थोरला आणि कापसेकाकांचं रोप, दोन्ही तिथली. आणि ही जी चारशे पिल्लं तुमच्या मंडळाच्या घराघरांत आहेत, ती त्या दोघांचीच. त्या डोंगराला आता एवढीच लेकरं उरली आहेत.”

महानंदाबाईंना हे कळायला वेळ लागला.

“म्हणजे न्यायला आलीस तू.”

“हे दोघं आणि निम्मी पिल्लं. बाकीची इथंच ठेवा म्हणतात ते. तिकडे पुन्हा काही झालं तर.”

“तिथं जगेल तो? बत्तीस वर्षं भाकरीवर वाढलाय.”

“नक्की नाही सांगता येत,” अश्लेषा म्हणाली. ती खोटं बोलत नसे.

मंडळातली माणसं, सभेतून उठून गेलेलीसुद्धा, एकेक करून आपापल्या कुंड्या घेऊन माळग्यांच्या दारी यायला लागली. पाटणे वकिलांनी अकरा रोपं आणली आणि ओसरीवर बसून स्वतःच्या हातानं त्यांची मुळं मोकळी केली. ‘सरांनी दिलेली आहेत’ एवढंच म्हणाले.

पौषातल्या एका दुपारी थोरल्याची पाळी आली. मल्हारी सांगोल्याहून आपलं रोप मांडीवर घेऊन आले होते. बत्तीस-तेहतीस वर्षांनी ते या घराचा उंबरा ओलांडत होते. महानंदाबाईंनी त्यांना आधी भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली, मग कामाला बसवलं. दोघांनी मिळून थोरल्याला कुंडीतून काढलं, मुळांची माती झाडली आणि वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं. थंडीनं तो आक्रसला होता. तहानलेला दिसत होता.

“प्रवास बारा दिवसांचा आहे,” अश्लेषाबरोबर आलेली मदतनीस मुलगी म्हणाली. “निघण्याआधी मुळं जरा ओली करायची का?”

“नको,” महानंदाबाई आणि मल्हारी एकदमच म्हणाले. मल्हारींनी सुतळी उचलली आणि गाठ मारायला लागले. गाठ दोनदा सुटली.

पट्टी लिहायची राहिली होती. महानंदाबाईंनी सरांचं पेन काढलं. कोरी पट्टी गुडघ्यावर धरली आणि बारीक अक्षरात सावकाश लिहिलं :

*कोपियापोआ. जन्म : डोंगरावर, धुक्यात. मुक्काम : मंगळवेढा, बत्तीस वर्षं, दोन माणसांच्या खोलीत. चुकून आणला होता. परत पाठवत आहोत.*

त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. ‘चुकून’ या शब्दावर पेन टेकवून त्या बराच वेळ बसल्या. मग तो शब्द खोडला, त्याच्यावर ‘चोरून’ असं लिहिलं, आणि खाली सही केली : चन्नवीर माळगे. शेजारी आपलं नाव घातलं.

पट्टी मल्हारींपुढं धरली. त्यांनी चष्मा लावून ती वाचली, पेन मागून घेतलं, आणि दोघांच्या नावांखाली थोडी जागा उरली होती तिथं आपलंही नाव लिहिलं.